आठ मुद्दे, एक कमान

सोमवार, ६ जानेवारी

शेवटी माझ्याच गळ्यात पडलं. आज तोंड उघडायचं नाही असं घरून ठरवून निघाले होते, तरी पडलं!

प्राचार्यांनी सगळ्या शिक्षकांना बोलावलं होतं. सत्तावीस जण आणि खुर्च्या बावीस. संस्थेच्या मंडळाला पुढच्या दहा वर्षांचा आराखडा हवा आहे. "महाविद्यालयाने आधी काय करायचं, मग काय, हे शिक्षकांनीच सांगावं, असं अध्यक्षांचं म्हणणं आहे," प्राचार्य म्हणाले. मग चष्मा पुसत, जरा खालच्या आवाजात — "लहान विभागांचाही निर्णय त्यातच होईल."

लहान विभाग म्हणजे संगीत, प्राचीन भाषा आणि मी. तिन्हीकडे एकेकच शिक्षक. त्यातून मी मेअखेर निवृत्त होतेय. माझ्या जागी माणूस घ्यायचा की तत्त्वज्ञानाच्या खोलीला कुलूप लावायचं, हा खरा प्रश्न. माझ्या आधी त्या खोलीत माझे सर होते. त्यांच्या आधी कोणी नव्हतं, विभाग त्यांनीच सुरू केला. किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली तेव्हा म्हणाले होते, पुढे कोणाच्या तरी हातात दे. तेवढंच म्हणाले होते.

आमच्याकडे पहिल्या वर्षी सगळ्यांना सगळ्यातलं थोडं थोडं घ्यावं लागतं. रसायनवाल्याला तत्त्वज्ञान, गाणारीला गणित. याचा उपयोग काय, असं पालक विचारतात. एकतीस वर्षं उत्तर देतेय. दर वर्षी निराळं देते, आणि दर वर्षी ते खरंच असतं.

"मतं गोळा कोण करणार?" प्राचार्यांनी विचारलं. सगळे टेबलाकडे बघायला लागले. रसायन शिकवणाऱ्या मैत्रिणीने मला कोपर मारलं, मी "अहो, पण —" एवढंच म्हटलं, आणि प्राचार्यांनी माझं नाव लिहून टाकलं.

बुधवार, ८ जानेवारी

पत्रक तयार केलं. आठ मुद्दे — लहान विभाग टिकवणे, वर्गातली मुलांची संख्या कमी करणे, ग्रंथालय, प्रयोगशाळा, नोकरीला जोडलेले अभ्यासक्रम, वसतिगृह, नवी संगणक इमारत, आणि शेवटी अध्यक्षांच्या मनातली ती प्रवेशद्वाराची कमान. आमचं फाटक साधं लोखंडी आहे, त्यांना तिथे दगडी कमान हवी आहे. राहू दे बापडी, आठवी म्हणून घातली. प्रत्येक मुद्द्याला आठपैकी गुण द्या, असं वर लिहिलं आणि कार्यालयात टंकायला दिलं.

समितीत प्राचार्य, मी आणि गणित. हो, तोच. इथे आम्ही सगळे एकमेकांना विषयानेच ओळखतो. पण याला मी गणित म्हणते ते प्रेमाने नव्हे. अकरा वर्षं झाली. भरसभेत उभा राहून म्हणाला होता, "तत्त्वज्ञान हा विषय नाही, ती वेळ घालवायची सवय आहे." अर्धी सभा हसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तेव्हापासून शब्द नाही. काम असलं की कागद एकमेकांच्या कप्प्यात टाकायचा. कुठल्याही चौकशीशिवाय कळतं कोणाचा ते, कारण सगळ्या इमारतीत हिरव्या शाईने लिहिणारा तो एकटा.

आजही निघताना कप्प्यात हिरवी चिठ्ठी. काय असणार, माझ्या पत्रकात चूक काढली असणार. हातात तर्कशास्त्राचं जाडं पुस्तक होतं, त्यात खुणेला घातली. वाचली नाही. वाचणारही नाही!

गुरुवार, ९ जानेवारी

पत्रकं छापून आली. सव्वीस प्रती. मी स्वतः भरणार नाही. मोजणाऱ्याने मत देऊ नये.

साडेदहाला शिक्षकांच्या खोलीत गेले तर कोपऱ्यातल्या टेबलावर गणित एकटाच, आणि पुढे दोन कप. एकट्या माणसाला दोन दोन कप लागतात! मी खिडकीकडे तोंड करून बसले. पाच-दहा मिनिटांनी उठून गेला. एक कप तसाच भरलेला.

सोमवार, १३ जानेवारी

नुसती पत्रकं वाटून काय होणार? म्हणून प्रत्येकाच्या खोलीत जाऊन, बसून, बोलून पत्रक द्यायचं ठरवलं. आज सहा झाले.

रसायन म्हणजे माझी इथली सगळ्यात जुनी मैत्रीण. तिच्या प्रयोगशाळेत धूर बाहेर टाकणारा पंखा तीन वर्षं बंद आहे. "दहा वर्षांचं नंतर बघू गं. आधी मला श्वास घेऊ दे." आणि मला तिथेच शिंका सुरू झाल्या, म्हणजे मुद्दा पटलाच.

इतिहासाच्या वर्गात नव्वद मुलं. म्हणाले, "पूर्वी मी पेपर हातात घेतला की अक्षरावरून मुलगा सांगायचो. आता हजेरी घेतानासुद्धा वर बघत नाही. मला इमारत नको, निम्मी मुलं द्या." बोलता बोलता त्यांनी रुमालाने डोळे टिपले. पंचवीस वर्षं शेजारच्या खोलीत आहेत, पण असं काही बोलतील असं वाटलं नव्हतं.

अर्थशास्त्र नवीन आहे, तिशीचा. त्याला नोकरीचे अभ्यासक्रम हवेत. मी भांडायची तयारी करूनच गेले होते. तो म्हणाला, "मॅडम, मी घरातला पहिला शिकलेला. पदवी घेऊन घरी गेलो तर वडिलांनी विचारलं, आता काय? मला उत्तर नव्हतं. माझ्या मुलांकडे असावं." पत्रक ठेवलं आणि उठले. दारातून विचारतो, "तुमच्या जागेचं काय झालं?" म्हटलं, तेच तर तुम्ही ठरवणार आहात. एवढंसं तोंड केलं त्याने.

बुधवार, १५ जानेवारी

संगीताची खोली म्हणजे मोडक्या खुर्च्यांचं कोठार. एका भिंतीला खुर्च्या, दुसऱ्या भिंतीला मुली. ती बाई म्हणते, "मला नवीन खोली नकोच हो. फक्त शेजारी तास चालू असला की भिंतीवर ठोकू नका म्हणावं." ठोकणारे कोण, ते आम्हा दोघींना माहीत आहे. इतिहास!

ग्रंथपालांना आमच्यात धरतात, म्हणून त्यांच्याकडेही गेले. त्यांनी पत्रक बाजूला ठेवलं. मला तत्त्वज्ञानाच्या कपाटापाशी नेलं आणि पुस्तकांच्या मागच्या खिशातली कार्डं काढून दाखवायला लागले. "बघा. तुमची पुस्तकं तुमची चार मुलं नेतच नाहीत, बाई. त्यांच्याकडे स्वतःची असतात. ही जीवशास्त्रवाली. ही भूगोलाची. हा पोरगा रसायनाचा, एकच पुस्तक पाच वेळा नेलंय." मी कार्डं हातात घेऊन उभीच. माझ्याकडे चार मुलं शिकतात असं मी एकतीस वर्षं मानत आले. मंडळही तेच मोजतं. ही बाकीची कोणाच्या हजेरीत धरायची?

फार बरं वाटलं आज. हे कॉलेज काही सहजासहजी मरायचं नाही.

ता. क. — गणिताच्या खोलीत गेले नाही. त्याचं पत्रक कप्प्यात टाकलं. तो कोपऱ्यात होताच. अजून दोन कप चालूच आहेत.

सोमवार, २० जानेवारी

पत्रकं ग्रंथालयातल्या परतीच्या पेटीत टाकायला सांगितली होती. आज पेटी भरली. सव्वीसच्या सव्वीस! इथे सहलीची वर्गणीसुद्धा कधी पूर्ण जमली नाही.

बुधवार, २२ जानेवारी

दुपारभर खोलीचं दार लावून मोजलं.

गुणपत्रकं करायची एकतीस वर्षांची सवय. रकाने आखले, गुण उतरवले, खाली बेरजा. आमची मंडळी इतकी काटेकोर असतील असं वाटलं नव्हतं. एकानेही दोन मुद्द्यांना सारखे गुण दिलेले नाहीत. परीक्षेला मात्र सगळ्या वर्गाला पस्तीस देतात!

पहिल्याच पाचात हिरवी शाई आली. नाव लिहायचं नव्हतं, पण त्याला काय नावाची गरज. लहान विभाग — १. आठपैकी एक. कमानीला आठ दिले होते पठ्ठ्याने! अकरा वर्षांपूर्वी बोलला होता, आता लिहून दिलं.

पण तो एकटा असता तर मी दात-ओठ खाऊन पुढे गेले असते. पुढचं पत्रक — लहान विभाग १. त्याच्या पुढचं — २. मग १. मग ३. मग परत १. मी दोनदा बेरीज केली. लहान विभाग एक्कावन्न, सगळ्यांत खाली. कमान एकशे सत्त्याऐंशी, सगळ्यांत वर.

म्हणजे माझ्यापुढे चहा ठेवला, डोळ्यांत पाणी आणलं, आणि पत्रकावर एक गुण. इतिहासानेसुद्धा. रसायनानेसुद्धा!

दार लावलेलंच होतं. रडून घेतलं.

शुक्रवार, २४ जानेवारी

सभा. प्राचार्यांनी यादी वाचली. बेरजा नाहीत, नुसता क्रम. "पहिला क्रमांक — प्रवेशद्वाराची कमान."

मग सगळे एकमेकांकडे बघायला लागले. "दुसरा — नवी संगणक इमारत." आणि असं करत करत, "आठवा — लहान विभाग." संगीताने मान खाली घातली. मी घातली नाही.

गणित उभा राहिला. "बेरजा बघायला मिळतील का?" प्राचार्यांकडे बघून विचारलं, पण विचारलं मलाच. मीही प्राचार्यांकडे बघूनच म्हटलं, "बेरीज मला येते." दोन-तीन जण हसले. तो खाली बसला. अकरा वर्षांची उधारी फिटल्यासारखं वाटलं — वाटलं जेमतेम जिन्यापर्यंत.

शनिवार, २५ जानेवारी

घास उतरत नाही. हे म्हणाले, "अगं, तुझं काम तू चोख केलंस ना? मग झालं." चोख केलं, त्याचंच तर दुःख आहे.

मंगळवार, २८ जानेवारी

अध्यक्ष येऊन गेले. हरखलेत अगदी. "मला वाटायचं शिक्षक मला हसतात. आणि तुम्हीच पहिला नंबर दिलात!" भला माणूस आहे. कमानीचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. फाटकापाशी चुन्याच्या रेषाही आखून झाल्या. मुलं त्यावरून लंगडी घालत वर्गात जातात.

पुढच्या शुक्रवारी मंडळाची बैठक. तिथे यादीवर सह्या होतील आणि तत्त्वज्ञान संपेल.

शिक्षकांच्या खोलीत मात्र कोणी कोणाशी धड बोलत नाही. एकेक जण मला बाजूला घेऊन सांगतोय. रसायन — "माझ्या गळ्याची शपथ, मी तुला सगळ्यांत वर धरलं होतं." संगीत — "मी तरी बाई चांगलंच दिलं होतं." इतिहास, अर्थशास्त्र, झाडून सगळे. सगळ्यांनीच दिलं तर मग एक्कावन्न कुठून आले? किती खोटं बोलावं माणसांनी, तेही सुशिक्षित!

रसायनाला तोडून बोलले. ती उठून गेली.

शनिवार, १ फेब्रुवारी

आजचं आजच लिहायला हवं.

माझं तर्कशास्त्राचं पुस्तक कण्यातून निखळलं होतं, ते आठवड्यापूर्वी यांना दिलं होतं. यांचा पुस्तकबांधणीचा व्यवसाय, पण घरची पुस्तकं नेहमी शेवटी. आज नंबर लागला. दुपारी दुकानातून आले आणि माझ्यापुढे एक घडी केलेली चिठ्ठी ठेवली. "पुस्तक उसवलं तर यात होती. मी वाचली नाही." यांचा तो नियमच आहे, पुस्तकांत सापडलेलं काही वाचायचं नाही.

हिरवी शाई. फेकणारच होते. पण आता वाचून अजून काय वाईट व्हायचं राहिलंय, म्हणून उघडली.

"गुण मागितले तर प्रत्येक जण प्रत्येक मुद्द्याला आठ देईल. आपली माणसं आपण ओळखतो. म्हणून प्राचार्यांना विचारून पत्रकात गुणांऐवजी पसंतीक्रम केला आहे. १ म्हणजे सगळ्यांत आधी, ८ म्हणजे सगळ्यांत शेवटी. मोजताना ज्याची बेरीज सगळ्यांत कमी, तो मुद्दा पहिला."

तशीच उठून कोरं पत्रक शोधलं. वरच्या ओळीत ठसठशीत छापलंय — पसंतीचा क्रम लिहा. ती ओळ मी वाचलीच नव्हती. माझंच पत्रक, त्यात काय वाचायचं!

सगळी यादी उलटी आहे. शेंड्यापासून बुडख्यापर्यंत उलटी. एकानेही दोन मुद्द्यांना सारखा आकडा दिला नाही, तेव्हा तरी कळायला हवं होतं. क्रमात सारखा आकडा येईलच कसा? तर्कशास्त्र शिकवते मी!

मला सगळ्यांनी पहिलं धरलं होतं. आणि मी त्यांना खोटारडे ठरवलं.

यांना सांगितलं. हे आधी हसले. मग माझं तोंड बघून हसायचे थांबले. म्हणाले, "उलटं बांधलेलं पुस्तक उसवता येतं गं. सोमवारी जा आणि उसव."

रविवार, २ फेब्रुवारी

आधी रसायनाकडे गेले. दारातच पाय धरायला वाकले तर म्हणते, "आधी आत ये, मूर्ख." तिने माफ केलं. दोन शिव्या दिल्या आणि माफ केलं.

सोमवार, ३ फेब्रुवारी

गणिताच्या खोलीत पहिल्यांदाच पाय ठेवला. दार उघडंच होतं. फळ्यावर खडूने काहीतरी अर्धवट सोडवलेलं. तो उभा राहिला. मी म्हटलं, "यादी उलटी आहे. चूक माझी आहे."

"हो," तो म्हणाला. "मला शंका आली होती. पण तुम्ही म्हणालात बेरीज येते."

कान तापले. म्हटलं, "तुमची चिठ्ठी मी वाचली नव्हती. परवा वाचली."

त्याने माझ्याकडे बघितलं. "पूर्ण वाचलीत?"

"पूर्ण."

त्याने समोरचं पेन उचललं. पेनाचं टोपण लावलं. "बरं," म्हणाला. "आणा पत्रकं."

दोन तास शेजारी बसून मोजलं. तो आकडा वाचायचा, मी लिहायची. बेरजा त्याच, एकही चुकली नव्हती. तो म्हणाला, "बेरीज खरंच येते तुम्हाला." मला हसू आलं, त्याला आलं नाही. शेवटी मी विचारलं, "तुम्ही लहान विभागांना एक का दिला? तुमच्या लेखी ती वेळ घालवायची सवय ना?" तो पत्रकं सारखी करत बसला. म्हणाला, "ते मी लिहिलंय." कुठे लिहिलंय, ते काही सांगितलं नाही. पत्रकावर तर आकड्यांखेरीज काही नाही. नेहमीचं त्याचं असं तोडकं बोलणं. मीही पुढे विचारलं नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

प्राचार्यांना सांगितलं. त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. "पण मॅडम, अध्यक्षांनी चुना मारला!" शुक्रवारी मंडळापुढे मीच उभं राहून सांगायचं ठरलं.

साडेदहाला गणितापुढे आज एकच कप. डॉक्टरांनी चहा कमी करायला सांगितला असेल. वय झालं आता आमचं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

सगळं लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

मंडळाचे नऊ जण लांब टेबलामागे. माझ्या मागच्या खुर्च्यांवर आमचे शिक्षक. भाषण पाठ केलं होतं, ते विसरले. सरळ म्हटलं, "यादी उलटी वाचली गेली. मोजणारी मी. पत्रकावर काय छापलंय ते मी वाचलं नाही, आणि मला लेखी कळवलं होतं तेही वाचलं नाही."

अध्यक्षांनी यादी हातात धरली, मग उलटी धरली. "म्हणजे कमान —"

"आठवी."

"आणि पहिला नंबर तुमच्या विभागाचा." ते शांतपणेच म्हणाले. "मोजलं कोणी? तुम्ही. आधी तुम्ही मोजलंत तर कमान आली. आता तुम्हीच मोजताय तर तुमचा विभाग आला. मी कुठलं खरं धरू, बाई?"

त्यांच्या जागी मी असते तर हेच विचारलं असतं. वाटलं, संपलं.

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज. गणित. "मी पुन्हा मोजलंय. या बाईंशी माझं अकरा वर्षं बोलणं नाही, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्या बाजूने खोटं बोलण्याचं मला काही कारण नाही." सव्वीस पत्रकं टेबलावर ठेवली. "कोणीही मोजावीत. फार तर वीस मिनिटं लागतील."

आणि मोजली! नऊ जणांनी पत्रकं वाटून घेतली आणि मान खाली घालून मोजायला बसले, परीक्षेला बसल्यासारखे. खोलीत नुसता कागदांचा आवाज. सतरा मिनिटं लागली. एक्कावन्न.

मंडळातल्या एका वकिलीणबाईंनी विचारलं, "पण सगळ्यांना हे का हवंय? चार तर मुलं." ग्रंथपालांनी कार्डांचा गठ्ठा पुढे केला. त्यांनी तो कधी आणला, मला माहीतच नव्हतं. आणि अर्थशास्त्र उठला. "मी नोकरीच्या अभ्यासक्रमांना दोन दिलेत, लहान विभागांना एक. माझी मुलं मुलाखतीत अडतात ती माहिती नसते म्हणून नाही. समोरच्याला उलटा प्रश्न विचारायची त्यांना भीती वाटते म्हणून. ती भीती या मॅडमच्या तासाला जाते. संगीताच्याही जाते. माझ्या तासाला जात नाही, मी काय करू?"

अध्यक्षांनी खिडकीतून फाटकाकडे बघितलं. मग माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही तर्कशास्त्र शिकवता म्हणे?"

"एकतीस वर्षं."

आधी ते हसले, मग सगळी खोली. मीसुद्धा. अकरा वर्षांपूर्वीही अशीच खोली हसली होती माझ्यावर. आज लागलं नाही.

जाताना त्यांना फाटकापाशी गाठलं. म्हटलं, "कमान आठवी आहे, पण यादीत आहे." चुन्याची रेष बुटाने पुसत म्हणाले, "राहू द्या हो. यादी माझ्या हातात आली तेव्हाच वाटलं होतं, एवढे शहाणे लोक आणि कमान मागतात?"

शनिवार, १५ फेब्रुवारी

आराखडा मंजूर. लहान विभाग तिन्ही राहणार, तीन वर्षांनी पुन्हा बघणार. वर्गातली संख्या दुसरी, नोकरीचे अभ्यासक्रम तिसरे. प्रयोगशाळा चौथी, पण पंख्याचं काम सोमवारीच सुरू. रसायन आतापासूनच मोठमोठे श्वास घेऊन दाखवतेय.

आजच्या वर्तमानपत्रात जाहिरात आली. तत्त्वज्ञान, पूर्णवेळ, एक जागा. दोन ओळी. मी चार वेळा वाचली, मग यांना मोठ्याने वाचून दाखवली. खोलीची किल्ली पर्समधून काढून बघितली. पुढच्या कोणाच्या तरी हातात पडेल.

जाहिरात आणि ती हिरवी चिठ्ठी, दोन्ही या वहीत चिकटवायची आहेत. चिठ्ठी अजून पत्रकांच्याच फायलीत आहे. यांना खळ आणायला सांगितलीय.

रविवार, १६ फेब्रुवारी

खळ लावायला चिठ्ठी उलटी केली. मागेही हिरव्या शाईत लिहिलेलं.

"अकरा वर्षांपूर्वी सभेत बोललो ते चूक होतं. ते मला घरी पोचेपर्यंत कळलं होतं, सांगायला इतकी वर्षं लागली. पटलं तर चहाला या. रोज साडेदहाला कोपऱ्याच्या टेबलाशी असतो. कप भरून ठेवतो."

दोन कप. जवळजवळ महिनाभर. आणि मी त्याला तोंडावर सांगितलं — पूर्ण वाचली.

चिठ्ठी चिकटवली नाही. उद्या साडेदहाला माझा तास आहे. एकतीस वर्षांत एकही चुकवला नाही. मुलांना सांगणार आहे, उद्याचा तास परवा घेऊ.